डोळे मिटून निजणारी पाल: निपाणीच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. "दिवसभर डोळे मिटून निजते, त्रास काहीएक नाही." रंगाबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंत, चार फोटो पाठवलेत, पण माझं निम्मं काम या एका वाक्यानं केलं. आपल्या भिंतीवरची पाल डोळे मिटत नाही. मिटूच शकत नाही, तिला हलत्या पापण्याच नसतात. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, आणि धूळ बसली की ती जीभ लांब काढून तो पडदा पुसते. बाथरूमच्या ट्यूबलाइटजवळ बसलेली पाल पाच मिनिटं निवांत बघा, पुसताना दिसेल. म्हणजे डोळे मिटून निजणारी पाल म्हटलं की जगातल्या दोन हजारांच्या घरातल्या जातींमधून चाळीस-पन्नासच उरतात, आणि त्यांतल्या लोक घरात पाळतात अशा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

वाचणाऱ्या इतरांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. ताईंचा मुलगा बेंगळुरूला शिकत होता. तिथं त्यानं कुणाकडून तरी ही पाल घेतली, मग नोकरी लागली, आणि दिवाळीला घरी आला तेव्हा पेटीसकट पाल निपाणीला आईच्या स्वाधीन करून गेला. विकणाऱ्यानं 'क्रेस्टेड गेको' म्हणून दिली आणि केळं कुस्करून घालायला सांगितलं. रंग साय आलेल्या चहासारखा, कुशीला किंचित गुलाबी, शेपटीच्या बुडाशी केशरी. अंगावर ठिपका एकही नाही. डोळे राखाडी, त्यात लाल शिरा. शेजारचे म्हणतात, ही टोके जातीची, लाखांत जाते. सासूबाई म्हणतात, अशा फिक्कट पालीच जास्त विषारी. इंटरनेटवर रंग टाकून शोधलं तर दहा नावं आली. एकदा पेटी उघडी राहिली तेव्हा ती भिंतीवर न चढता सरळ कॉटखाली गेली. दोन महिन्यांत अंगानं उतरली आहे. तर ही नक्की कोणती?

ही लेपर्ड गेको आहे. शास्त्रीय नाव युब्लेफेरिस मॅक्युलॅरियस. आणि केळं आजपासून बंद करा. ती किडेखाऊ आहे, फळ तिला पचत नाही. अंगानं उतरली ती त्यामुळेच असण्याची शक्यता मोठी. का, कसं, ते आता सांगतो, पण केळ्याचं आधी.

मी बेळगावात पशुवैद्य. पोट गायी-म्हशी आणि कुत्र्यांवर चालतं. पाली, साप, कासवं हा आधी छंद होता, मग लोक आणायला लागले म्हणून हात बसला. त्यामुळे माझी उदाहरणं गोठ्यातली असतात, चालवून घ्या. पंढरपुरी म्हैस आपण कशावरून ओळखतो? शिंगावरून. खांद्याच्या मागं गेलेली ती तलवारीसारखी शिंगं बघितली की संपलं. कपाळावर पांढरा टिळा असो नसो, कातडी काळी असो की भुरी, म्हैस पंढरपुरीच राहते. खिलारचं वासरू जन्मतं तेव्हा डोक्यावर तांबूस असतं, दोन-चार महिन्यांत तो रंग जातो. म्हणून काय ते आधी दुसऱ्या जातीचं होतं आणि नंतर खिलार झालं? रंग हा साक्षीदार आहे, पण फितूर होणारा. हाड, खवला, बोट, पापणी हे फितूर होत नाहीत. पालीच्या बाबतीत तर मी रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो. तुम्ही सगळ्यात आधी बघितलात, आणि त्यात तुमची चूक नाही, विकणाराही तेच करतो.

आता बोटं. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती तुमच्या तळहातावर बसली आहे. बोटं बारीक, टोकाला नख्या, बोटाच्या खाली रुंद गादी नाही. क्रेस्टेड गेको असती तर बोटाची टोकं चमच्यासारखी पसरट दिसली असती. टोकेची तर आणखीच रुंद असतात. त्या गाद्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांचे थरच्या थर असतात आणि त्यांच्याच जोरावर पाल गुळगुळीत काचेवर उलटी चालते. तुमची पाल कॉटखाली गेली, कारण तिला भिंतीवर जाताच येत नाही. खात्री करायची असेल तर तिला शोकेसच्या काचेवर चढवायचा खेळ करू नका, पडेल. पेटीच्या काचेला ती पुढचे पाय लावून उभी राहते आणि घसरते, एवढं बघितलंत तरी पुरे.

क्रेस्टेडचं आणखी एक. तिच्या डोळ्यावर काट्यांची झालर असते, ती पापणीच्या केसांसारखी दिसते, म्हणून लोक फसतात. ती नुसती झालर, खाली पापणी नाही, डोळा उघडाच. मूळची न्यू कॅलेडोनियाची. नामशेष झाली असं समजत होते, १९९४ साली पुन्हा सापडली, आणि आज जगभर पाळतात. तिला फळाचा गर चालतो, थंड-दमट हवा लागते. शेपूट तुटली की पुन्हा येत नाही. तुमच्या पालीची शेपूट गोल गोल कड्यांची, मुळाशी बारीक आणि मध्ये फुगीर. क्रेस्टेडची अशी कधीच नसते. विकणाऱ्यानं दुसऱ्या पिंजऱ्याची चिठ्ठी हिच्या पिंजऱ्याला लावली, की त्यालाच माहीत नव्हतं, देव जाणे. पण चुकीच्या नावाबरोबर चुकीचं खाणं आलं, खरं नुकसान ते.

टोकेचं प्रकरण निराळं. टोके आपल्या देशात ईशान्येकडे सापडते. अंग निळसर राखाडी, त्यावर केशरी-लाल ठिपके, आणि चावली तर सोडत नाही. तिच्यापासून मोठ्या आजारांवर औषध होतं ही अफवा पसरली आणि बिचारीचं वाटोळं झालं. आपल्याकडे मांडुळाचं जे झालं तेच. दोन तोंडांचा साप म्हणून लाखांचे आकडे सांगत फिरणारी माणसं निपाणी-चिकोडी पट्ट्यात तुम्हीही ऐकली असतील. २०१९ पासून टोके 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्या व्यापारावर बंधन आहे. शेजाऱ्यांना एवढंच सांगा की ही टोके नाही आणि विकायचीही नाही. लाखांची बात घराबाहेर जाऊ देऊ नका. चोर आधी येतो, गिऱ्हाईक नंतर.

पापण्या आहेत, गाद्या नाहीत, शेपूट जाड. एवढ्यावर पापणीवाल्या पालींचं कुळ ठरलं. आता त्या कुळातली नेमकी कुठली? पाळण्यात लेपर्डच्या खालोखाल येते ती आफ्रिकेची फॅट-टेल. पश्चिम आफ्रिकेची. हिची लेपर्डशी सारखी गफलत होते. फॅट-टेलचे पाय आणि बोटं आखूड, डोळा गडद तपकिरी, लांबून काळाच वाटतो, अंग हाताला मऊ. लेपर्डच्या पाठीवर मोहरीच्या दाण्यांसारखे उंचवटे असतात, तुमच्या दुसऱ्या फोटोत खिडकीचा उजेड तिरपा पडलाय त्यात ते स्पष्ट दिसतात. बोटंही लांब आहेत. चीन-जपानकडच्या गुहेतल्या पाली पायानं काटकुळ्या आणि बहुतेक गडद रंगाच्या. अमेरिकेच्या पट्टेरी पाली हिच्या निम्म्या आकाराच्या. तुम्ही मापट्टीनं वीस सेंटिमीटर मोजलीत, शेपूट धरून. पूर्ण वाढलेली लेपर्ड साधारण अठरा ते पंचवीस सेंटिमीटर भरते. सगळं जुळतं.

मग ठिपके कुठं गेले? नाव लेपर्ड, म्हणजे बिबट्या, आणि अंगावर ठिपका नाही, हा तुमचा खरा गोंधळ. पोह्यांत हळद घालायची राहिली म्हणून त्याचा उपमा होत नाही. पालीच्या कातडीत रंगाचे तीन कारागीर असतात. एक काळं-तपकिरी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा, एक पिवळ्या-केशरीचा, आणि तिसरा बारीक स्फटिकांचा, जो उजेड परतवून पांढरट झाक देतो. तुमच्या पालीत पहिला कारागीर संपावर आहे. काळं द्रव्य नीट बनतच नाही. त्यामुळे ठिपके काळे उमटू शकत नाहीत, डोळ्यातल्या रक्तवाहिन्या लाल दिसतात, आणि मागं उरतो तो साय-गुलाबी-केशरी रंग. हिला अल्बिनो म्हणतात. माणसांत कोड असलेल्यांना लोक उगाच अल्बिनो म्हणतात, तो वेगळा प्रकार, गल्लत नको. शिवाय नुसती अल्बिनो असती तरी फिक्या तपकिरी ठिपक्यांचा माग राहिला असता. तुमच्याकडच्या पालीत नक्षीच मोडणारं दुसरं वैगुण्यही आहे. दोन्ही एकत्र आले तेव्हा हा रंग जमला.

बंदिवासात पिढ्यान् पिढ्या जोड्या लावून असे रंग टिकवले जातात, त्यांना मॉर्फ म्हणतात. मॉर्फ ही जात नव्हे. हे मी दर महिन्याला कुणाला तरी सांगतो. लेपर्डमध्ये अल्बिनोच तीन निरनिराळे आहेत, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर. तिघांत बिघाड वेगवेगळ्या ठिकाणचा, म्हणून ट्रेम्पर आणि बेल यांची जोडी लावली तर पिल्लं चक्क साध्या रंगाची निघतात. आईबाप अल्बिनो आणि पोरं ठिपक्यांची, बघून माणूस चक्रावतो. तुमची यांतली कोणती हे नुसतं बघून ठामपणे सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आईबापांची नोंद असेल तरच ते खरं. माझा अंदाज, डोळ्याचा राखाडीपणा आणि शेपटीचं केशरी बघता, बाजारात ज्याला ॲप्टर म्हणतात ते. अल्बिनो, बिननक्षी, ट्रेम्पर वंशाचं, केशरी. तेच डोळे पूर्ण माणकासारखे लाल असले की रॅप्टर. दुसरा एक बिननक्षी मॉर्फ असतो मर्फी, त्याची पिल्लं ठिपके घेऊनच जन्मतात आणि मोठी होताना ठिपके विरतात, आपल्या खिलारच्या वासरासारखं. आणि ब्लिझार्ड जन्मापासूनच कोरं असतं. म्हणून मुलाकडे तिचा लहानपणीचा एखादा फोटो असेल तर मागवा. नसला तरी काही बिघडत नाही, खाणंपिणं सगळ्यांचं एकच.

दोन मॉर्फचं मात्र सांगून ठेवतो, कारण उद्या मुलगा जोडीदार आणायचं काढेल. एनिग्मा म्हणून एक आहे, दिसायला झकास, पण त्यांतल्या बऱ्याच पाली मान वाकडी करून गोल गोल फिरत राहतात, शिकारीवर झडप घालताना नेम चुकतो. दोष मेंदूतला. दुसरा लेमन फ्रॉस्ट. लिंबासारखा चमकता पिवळा. त्या चमकणाऱ्या स्फटिकांच्या पेशी वाढत वाढत गाठी होतात, म्हणजे कर्करोगच. २०२१ साली त्यामागचं जनुक शोधणारं संशोधन प्रसिद्ध झालं. हे दोन्ही मी कुणाला घेऊ देत नाही, फुकट मिळाले तरी.

रंगानं मला स्वतःला एकदा चांगलं तोंडावर पाडलंय. बारा-तेरा वर्षं झाली असतील. शहापूरचा एक पोरगा कुंद्याच्या रिकाम्या डब्यात पाल घेऊन आला. झाकणाला सुईनं भोकं पाडलेली, आत टिश्यू पेपर, डबा उघडला तर खव्याचा वास आणि त्यात पिठात घोळल्यासारखी पांढरीफेक पाल. डोळे काळेभोर. मी छाती फुगवून सांगितलं, ब्लिझार्ड. अंगावर थोडं अंधूक अंधूक काही दिसत होतं, ते मी कुंद्याचा चिकटा समजलो. पोरानं गल्लीभर सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन, "डॉक्टर, हिला ठिपके आल्यात की ओ." कात टाकायच्या आधी वरची कातडी सुटून पांढरी पडते, मी त्या कातडीचं निदान केलं होतं. आत साधी पिवळी, ठिपक्यांची लेपर्ड. पुढं कितीतरी दिवस त्या गल्लीत मला चहाला बोलवायचे ते ती पाल दाखवायलाच.

तेव्हापासून मी नियम केला की रंगाचं मत द्यायच्या आधी दहा-पंधरा दिवसांत वेगवेगळ्या वेळचे तीन फोटो मागायचे. गारठ्यात पाल गडद होते, उबेत खुलते. अंडी कमी तापमानाला उबवली तर पिल्लं काळपट निघतात. उपाशी, आजारी पाल मळकट दिसते. शेपूट एकदा तुटून नवी आली असेल तर ती सलगमासारखी गोल, गुळगुळीत आणि भलत्याच रंगाची असते, आणि नवखा माणूस तेवढ्यावरून दुसरी जात सांगतो. तुमच्या भिंतीवरची साधी पालही बघा की, दिवसा तपकिरी आणि रात्री ट्यूबखाली फिक्कट गुलाबी, पोटातलं अंडंसुद्धा दिसेल अशी. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी मला 'पांढरी दुर्मीळ पाल' म्हणून तिचा फोटो पाठवतं. राजहंसगडाच्या किंवा गोकाकच्या खडकावर लाल डोक्याचा काळा सरडा दिसतो, तो वर्षभर तसा नसतो, विणीच्या काळात नराला हा साज चढतो. एरवी तोच सरडा खडकावरून हुडकून दाखवावा लागतो.

आता जरा अवघड भाग. जात विचारण्यामागं खरं महत्त्व कशाला असेल तर याला. लेपर्ड गेकोचे भाऊबंद आपल्या देशातही आहेत. मॅक्युलॅरियस स्वतः अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातली. पश्चिम भारतात तिची बहीण युब्लेफेरिस फस्कस, महाराष्ट्रातल्या कोरड्या माळरानाची, खडकाळ भागातली. पूर्वेकडे हार्डविकी. सातपुड्यातली चौथी तर २०१४ साली वेगळी जात म्हणून जाहीर झाली. त्यामुळे कुणी 'लेपर्ड' म्हणून पेटीत घातलेली पाल ही डोंगरावरून दगड उलटून धरून आणलेली आपली रानातली पालही असू शकते. तसं असेल तर ती घरात ठेवायची वस्तू नाही. मी एकदा असं प्रकरण बघितलंय. पट्टेरी, तपकिरी, अंगावर गोचिडाएवढे लालसर किडे चिकटलेले, आणि माणूस सांगत होता 'इंपोर्टेड'. इंपोर्टेड पालीच्या अंगावर माळावरचे किडे कसे आले, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या बाबतीत मला ती शंका नाही, आणि इथं मात्र रंग कामाला आला हे कबूल करतो. अल्बिनो, बिननक्षी आणि वर केशरी शेपूट, असा तिहेरी योग रानात जमून यायचा नाही, आणि जमला तरी असं पिल्लू उघड्या माळावर घुबडाच्या नजरेतून सुटायचं नाही. हा जोड्या लावून आणलेला रंग आहे. तरीही मुलाला विचारून ठेवा, कुणाकडून घेतली, पावती आहे का, किती वर्षांची म्हणून दिली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्याखाली २०२४ साली नियम आले, आणि सायटिसच्या यादीतले विदेशी जिवंत प्राणी पाळणाऱ्यांना 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायला लागते. फोटो आणि कागद घेऊन वनविभागाच्या कार्यालयात एकदा जाऊन या, आज तुमच्या पालीला काय लागू होतं ते लेखी विचारा. लपवून ठेवण्यापेक्षा विचारलेलं केव्हाही बरं. अर्ज कन्नडमधून लिहिलात तर काम लवकर होतं, हा माझा अनुभव. आणि कन्नडमध्ये पालीला 'हल्ली' म्हणतात हे लक्षात असू द्या. मी एकदा साहेबांपुढं "हल्ली हल्ली फार आल्यात" असं बोलून गेलो होतो, ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

खानापूर, चोर्ला, आंबोली या बाजूला राहणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडच्या जंगलात जमिनीवर राहणाऱ्या पट्टेरी पाली आहेत, तपकिरी अंगावर फिकट आडव्या पट्ट्यांच्या, बोटाला गादी नाही. पावसाळ्यात रात्री रस्त्यावरही येतात. त्यांना 'लेपर्डचं पिल्लू' म्हणून कुणी उचलून आणलं तर डोळा बघा. पापणी नाही. आणि दिवसा खडकावर, झाडाच्या बुंध्यावर पळणाऱ्या चिमुकल्या पाली दिसतात, त्यांची बाहुली गोल असते, आपल्या डोळ्यासारखी. लेपर्डची बाहुली उजेडात उभी चीर होते. या सगळ्यांना तिथंच राहू द्यायचं. सह्याद्रीच्या या पालींतल्या कितीतरी जाती एखाद्या डोंगरापुरत्याच असतात.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. आपल्या देशातली एकही पाल विषारी नाही, फिक्कट नाही आणि गडदही नाही. जेवणात पाल पडली की माणसं आजारी पडतात ती तिच्या अंगावरच्या नि विष्ठेतल्या जंतूंमुळे. तेच जंतू हिच्याही अंगावर असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, तिचं पाण्याचं वाडगं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही, आणि लहान मुलांना तिचा पापा घेऊ द्यायचा नाही. शकुनाचं विचाराल तर लेपर्ड भिंतीवरच्या पालीसारखी सहसा चुकचुकत नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

आता तिची तब्येत. लेपर्डची शेपूट म्हणजे तिची धान्याची कणगी, चरबी तिथं साठते. शेपटीचा जाड भाग निदान मानेएवढा तरी हवा. चौथ्या फोटोत तो मानेपेक्षा बारीक आहे आणि कमरेची हाडं वर आली आहेत. वजन करा. घरातल्या मोठ्या काट्यावर कळणार नाही, ओळखीच्या सोनाराचा छोटा काटा आठवड्यातून एकदा वापरायला मागा. माझी निम्मी वजनं सराफाच्या दुकानात झाली आहेत, पाल प्लास्टिकच्या डबीत आणि गिऱ्हाईक बाकावर पाय वर घेऊन. एवढ्या लांबीच्या पालीला पन्नास ग्रॅमच्या पुढं असायला हवं. चाळीसच्या खाली भरली तर वाट न बघता सरपटणारे प्राणी बघणाऱ्या वैद्याकडे न्या, पोटात जंत असू शकतात, विष्ठा ताजी असताना डबीत घेऊन जा.

खायला जिवंत किडे. रातकिडे किंवा पिठातल्या अळ्या, तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. एक दिवसाआड संध्याकाळी, कारण तिचा दिवस तेव्हा उजाडतो. किडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्या, नाहीतर हाडं वाकतात. शेतातून, विशेषतः तंबाखूच्या, किडे धरून आणू नका, तुमच्याकडे फवारण्या किती होतात हे मी काय सांगायचं. पेटीच्या एका बाजूची जमीन ३१-३२ अंश, दुसरी बाजू २५ च्या आसपास. ऊब पोटाखालून मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही. दिवाळीपासूनच्या थंडीत तिला तुम्ही खोलीच्या तापमानालाच ठेवलंय, केळ्याच्या जोडीला हेही कारण आहे. पेटीखाली ठेवायची विजेवरची गरम चटई मिळते, हीट मॅट, ती तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटसकट घ्या, थर्मोस्टॅटशिवाय नको, पोट भाजतं. खाली वाळू नको, कागद चालतो. फुटलेल्या कुंडीची तीन खापरं पालथी घाला, एक उबेत, एक गारव्यात, आणि तिसऱ्याखाली ओला स्पंज, म्हणजे कात नीट निघेल. अल्बिनोला उजेड सोसत नाही. खिडकीजवळची पेटी आतल्या भिंतीकडे सरकवा. आणि कात टाकली की ती स्वतःच खाऊन टाकते, घाबरून तोंडातून ओढू नका. फक्त बोटांच्या टोकाला अडकून राहिली नाही ना ते बघा, राहिली तर कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय भिजवा.

एक गोष्ट मुलाच्या कानावर घाला. ही पाल नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. त्याचं लग्न, बारसं सगळं बघेल. तेव्हा ती कायम कुणाकडे राहणार हे आत्ताच बोलून घ्या, नाहीतर पुढच्या दिवाळीला तो आणखी एक ठेवून जाईल.

शेवटी तुम्ही विचारलंत, नर की मादी, कारण मुलगा तिला गुंडू म्हणतो. वरून घेतलेल्या फोटोत ते कळत नाही. तिला काचेच्या कोरड्या बाऊलमध्ये ठेवा आणि खालून, मागच्या दोन पायांच्या मधल्या भागाचा फोटो काढा. नर असेल तर तिथं बारीक छिद्रांची उलट्या 'व्ही'सारखी ओळ ठळक दिसते आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे. तो फोटो, सोनाराकडचं वजन आणि उबेच्या बाजूचं तापमान, एवढं पाठवा. गुंडू की गुंडी ते मग सांगतो.